जपानच्या शाळांतला काळ्या केसांचा नियम आला कुठून

आपल्याकडे जपानी शाळांचं नाव निघालं की मुलं स्वतः वर्ग झाडतात, किती ती शिस्त, असं कौतुक सुरू होतं. पण त्याच देशात बऱ्याच शाळांत केस काळेच हवेत, जन्मतः तपकिरी असतील तर तसं घरून लिहून आणा, काही ठिकाणी तर आतल्या कपड्यांचा रंगसुद्धा ठरलेला, असले नियम वर्षानुवर्षं चालले.

युनिफॉर्म तसा जुनाच. मुलांचा बंद गळ्याचा काळा कोट मेइजी काळातला (१८६८ ते १९१२), लष्करी धाटणीचा, मुलींचा सेलर ड्रेस, म्हणजे खलाशांच्या धाटणीचा, १९२० च्या सुमाराचा. पण केसांपासून मोज्यांपर्यंत सगळं तपासायचं खूळ वाढलं ते १९७० चं दशक संपता संपता आणि ८० च्या दशकात. तेव्हा तिकडे शाळांत मारामाऱ्या, तोडफोड, शिक्षकांवर हात टाकणं फार वाढलं होतं आणि शाळांनी हिशोब असा लावला की पोरगं बिघडायला सुरुवात होते ती केस आणि कपड्यांपासून, तेव्हा तिथेच धरा. भीती खोटी नव्हती हो, पण दंगा करणार चार पोरं आणि कात्री लागणार सगळ्यांच्या केसांना!

कोर्टात जाऊनही फार हाती लागलं नाही. कुमामोतोमध्ये मुलांनी डोक्यावरचे केस अगदी बारीक कापायचे या शाळेच्या नियमाविरुद्धचा दावा १९८५ मध्ये फेटाळला गेला. त्याने शिक्षणाला काय फायदा होतो याबद्दल कोर्टालाच शंका होती, तरी नियम बेकायदा नाही म्हणाले.

मग ६ जुलै १९९०, कोबे. उशिरा येणाऱ्यांना अडवायला शिक्षकाने वेळ होताच शाळेचं जड लोखंडी गेट ढकललं आणि १५ वर्षांची मुलगी त्यात चिरडून गेली. देशभर हलकल्लोळ झाला, काही शाळांनी नियम सैल केले, पण केसांचा नियम बऱ्याच ठिकाणी तसाच राहिला.

तो परत गाजला २०१७ मध्ये. ओसाकातल्या एका सरकारी हायस्कूलच्या मुलीने कोर्टात दावा लावला, तिचं म्हणणं केस मुळातच तपकिरी आहेत आणि शाळा पुन्हा पुन्हा काळे करायला लावते, डोक्याची कातडी जळजळते. तिने शाळेत येणं सोडल्यावर शाळेने हजेरीपटातून नाव आणि वर्गातून बाकही काढून टाकलं. २०२१ चा निकाल मला तरी अर्धवटच वाटतो, कारण नाव आणि बाक काढणं चूक म्हणून ३,३०,००० येन भरपाई दिली पण केसांचा नियम मात्र योग्य ठरवला, आणि मूळ केस काळेच होते हे शाळेचं म्हणणंही मान्य केलं.

म्हणजे बदल कोर्टातून आलाच नाही, तो आला बोभाटा झाल्यावर सरकारी ऑफिसांतून. टोकियोने एप्रिल २०२२ पासून आपल्या सरकारी हायस्कूलमधून केसांच्या आणि आतल्या कपड्यांच्या रंगाचे नियम काढले, ‘हायस्कूलच्या मुलांना शोभेल असं’ वगैरे मोघम भाषाही काढली. त्याच वर्षाच्या शेवटी शिक्षण मंत्रालयाच्या नव्या मार्गदर्शिकेत आलं की नियम वेबसाइटवर टाका आणि बदलताना मुलांचं मत घ्या. पण ही मार्गदर्शिकाच, कायदा नाही, आणि टोकियोचा निर्णय खाजगी शाळांना लागू नाही.