विद्यापीठ-अध्यक्ष कार्यालयाचे अभिलेख

विद्यापीठ-अध्यक्ष कार्यालयाचे अभिलेख : अमेरिकेतील विद्यापीठाचा अध्यक्ष (विद्यापीठाचा कार्यकारी प्रमुख) व त्याचे कार्यालय यांच्याकडे कामकाजाच्या ओघात तयार झालेली किंवा आलेली आणि चालू वापर संपल्यावर कायम जतनासाठी विद्यापीठाच्या अभिलेखागाराकडे सोपविलेली कागदपत्रे. आवक-जावक पत्रव्यवहार, विश्वस्त मंडळासाठी केलेली टिपणे, अंदाजपत्रके, समित्यांचे अहवाल, नेमणुकांच्या फाइली आणि भाषणांचे मसुदे यांचा त्यांत समावेश होतो. विश्वस्त, प्राध्यापक, देणगीदार व शासन या सर्वांशी अध्यक्षाचा थेट संबंध येत असल्याने विद्यापीठाच्या इतिहासाचे इतके मोलाचे साधन दुसरे क्वचितच असेल. मंडळाच्या इतिवृत्तात ठराव सापडतो; त्याआधीचे मतभेद व दबाव पत्रांतच सापडतात.

दप्तराची घडण लेखनसाधनांनुसार बदलत गेली. जेम्स वॉटने १७८० मध्ये नक्कल काढण्याच्या यंत्राचे एकस्व (पेटंट) घेतले. त्या पद्धतीने पातळ ओलसर कागदावर मूळ पत्र दाबून प्रत घेत. पुढे अशा प्रती बांधीव वह्यांत तारखेनुसार राहू लागल्या, तर आलेली पत्रे वेगळ्या गठ्ठ्यांत. परिणामी प्रश्न एकीकडे आणि त्याचे उत्तर दुसरीकडे, अशी अभ्यासकाची अडचण होते. टंकलेखन, कार्बन प्रत आणि उभ्या फाइलींचे कपाट यांमुळे दोन्ही बाजू एका फाइलीत आल्या. उभ्या फाइलींची पद्धत १८९३ च्या शिकागो येथील जागतिक प्रदर्शनापासून लोकांपुढे आली, असे सामान्यतः मानले जाते.

या अभिलेखांची मांडणी व्यक्तीनुसार करावी की कार्यालयानुसार, हा अभिलेखशास्त्रातील जुन्या वादाचाच एक भाग आहे. एका निर्मात्याची कागदपत्रे दुसऱ्याच्या कागदपत्रांत मिसळू नयेत, या उद्गमतत्त्वाचा उगम बहुधा २४ एप्रिल १८४१ च्या फ्रेंच परिपत्रकात दाखवितात. त्याचे श्रेय फ्रेंच अभिलेखपाल नातालिस द वाय्यी यांना दिले जाते. मात्र मूळ कार्यालयातील फाइलींचा क्रमही मोडू नये, हा नियम त्या परिपत्रकातून पूर्णपणे निघत नाही. तो प्रशियाच्या अभिलेखागाराच्या १८८१ च्या नियमांत स्पष्ट झाला आणि म्युलर, फाइथ व फ्रॉइन या डच अभिलेखपालांच्या १८९८ च्या पुस्तिकेने सर्वत्र पोहोचला. त्यामुळे दोन्ही तत्त्वांचे उगम वेगळे मानणे अधिक सयुक्तिक वाटते.

अध्यक्षाच्या दप्तरात निर्माता कोण, हेच संदिग्ध असते. एका अध्यक्षाच्या काळात उघडलेली फाइल पुढच्याच्या काळात बंद होते. शिकागो विद्यापीठात हार्पर (१८९१–१९०६), जडसन (१९०७–२३) आणि बर्टन (१९२३–२५) या तिघांच्या कारकिर्दींचे अध्यक्षीय अभिलेख एकाच संचात ठेवले आहेत. अन्यत्र प्रत्येक कारकीर्द हा स्वतंत्र संच धरला जातो. ऑस्ट्रेलियातील अभिलेखपाल पीटर स्कॉट यांनी १९६६ मध्ये तिसरा मार्ग सुचविला : फाइलींची मालिका हेच वर्णनाचे एकक धरावे आणि ती ज्या ज्या कार्यालयांकडे होती त्यांच्याशी तिचा संबंध नोंदवावा. बदलत्या अध्यक्षांच्या अखंड फाइलींना हा मार्ग सर्वांत जवळचा आहे. अमेरिकेत तो फारसा रुजला नाही. खाजगी कागदपत्रे मात्र पुष्कळदा व्यक्तीबरोबर जातात. पुढे अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष झालेले वुड्रो विल्सन १९०२ ते १९१० या काळात प्रिन्स्टन विद्यापीठाचे अध्यक्ष होते, पण त्यांच्या कागदपत्रांचा मुख्य संग्रह लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये आहे.

अभिलेख पाहण्यास मिळण्याचे नियम संस्थेनुसार भिन्न आहेत. सार्वजनिक विद्यापीठांना त्या त्या राज्याचे अभिलेखविषयक कायदे लागू होतात. खाजगी विद्यापीठे अभिलेख बंद ठेवण्याची मुदत स्वतः ठरवितात. हार्वर्डमध्ये प्रशासकीय अभिलेख साधारणपणे ५० वर्षे आणि व्यक्तिविषयक अभिलेख ८० वर्षे बंद असतात. विद्यार्थ्यांच्या नोंदींना १९७४ च्या संघीय कायद्याचेही संरक्षण आहे. दीर्घ मुदतीमुळे कागदपत्रे नष्ट न होता टिकतात, हा तिच्या समर्थनार्थ केलेला युक्तिवाद दुर्लक्षिण्यासारखा नाही. पण तिची किंमत ज्यांच्यावर अन्याय झाला त्यांना मोजावी लागते. हार्वर्डचे अध्यक्ष ए. लॉरेन्स लोवेल यांच्या कारकिर्दीत, १९२० मध्ये, समलैंगिकतेच्या संशयावरून विद्यार्थ्यांची गुप्त चौकशी होऊन काहींना काढून टाकण्यात आले. त्या चौकशीची कागदपत्रे विद्यापीठाच्याच अभिलेखागारात होती. ती २००२ मध्ये हार्वर्ड क्रिमझन या विद्यार्थी-दैनिकामुळे उजेडात आली.

विसाव्या शतकाच्या अखेरीपासून पत्रव्यवहार ई-मेलवर गेला. पूर्वी सचिव प्रत्येक पत्र विषयवार फाइलीत लावत असे. ई-मेलच्या पेटीत असा क्रम क्वचितच असतो, आणि खाजगी व कार्यालयीन मजकूर एकत्र येतो. काय ठेवायचे याचा निर्णय अध्यक्ष पदावर असतानाच व्हावा लागतो, आणि त्यासाठी अभिलेखपालाला कार्यालयात आधीपासून प्रवेश असणे आवश्यक ठरते.