दोन घोटांत लाल होणारा चेहरा

जपान, चीन, कोरियातल्या अनेकांचा चेहरा अर्ध्या ग्लास बिअरनेच लालबुंद होतो. छाती धडधडते, डोकं ठणकतं, मळमळतं. यकृत दारूचं आधी ॲसिटाल्डिहाइड करतं, आणि हे दारूपेक्षा विषारी असतं. एएलडीएच-२ नावाचं एन्झाइम त्याचा निकाल लावतं. पूर्व आशियातल्या तिसऱ्या हिश्शाहून अधिक लोकांत त्याच्या जनुकात एक बारीकसा बदल असतो, म्हणून विष साचत जातं.

हा बदल आई-वडील दोघांकडून आलेला असेल, तर माणूस सहसा दारूच्या वाटेलाच जात नाही. एकाकडूनच आला असेल, तर त्रास सोसत सोसत सवय लागू शकते. जपानमधल्या व्यसनी रुग्णांच्या तपासणीत अशा ‘अर्धवट’ वारसदारांचं प्रमाण १९७९ मध्ये २.५ टक्के होतं. १९८६ मध्ये ते ८ झालं आणि १९९२ मध्ये १३. तेरा वर्षांत जनुकं काही बदलत नाहीत. बदलला तो समाज. ऑफिस सुटल्यावर साहेबांनी ओतलेला ग्लास नाकारायचा कसा? त्यातून काही जण तर आम्लपित्ताची गोळी खाऊन बसतात. लाली कमी होते, पण विष आत तसंच राहतं. अशा लोकांनी नेमाने दारू प्यायली, तर अन्ननलिकेच्या कर्करोगाचा धोका कैकपटींनी वाढतो.

हँगओव्हरची दहशत मात्र फारशी टिकत नाही. शिक्षा दुसऱ्या दिवशी मिळते, आणि मजा तर आधीच होऊन गेलेली असते!

शिक्षा तिथल्या तिथे मिळावी, याच तत्त्वावर डायसल्फिरम हे औषध चालतं. १९४० च्या दशकात कोपनहेगनमध्ये जेन्स हाल्ड आणि एरिक याकोबसेन ते जंतांवर उपाय म्हणून तपासत होते. स्वतः गोळ्या घेतल्या आणि नंतर थोडी दारू पोटात जाताच दोघांची तब्येत बिघडली. गोळीने तेच एन्झाइम बंद पाडलं होतं.

गोम अशी की, प्यायची इच्छा झाली की माणूस गोळीच बंद करतो. त्यामुळे ती स्वतःच्या मर्जीने, घरच्यांसमोर रोज घेणाऱ्यालाच तिचा खरा उपयोग होतो. आपल्याकडे ती गुपचूप आमटीत किंवा चहात मिसळण्याचे सल्ले सर्रास दिले जातात. असं करणं जिवावर बेतू शकतं, कारण नकळत गोळी पोटात गेलेला माणूस नेहमीसारखाच पितो. मग रक्तदाब एकदम कोसळतो, हृदयाची लय बिघडते. गोळी बंद केल्यावरही हा परिणाम दोन आठवड्यांपर्यंत राहू शकतो.