ठिगळ नेमकं कुठे लागलं?

रात्रीचे दोन वाजले होते. सर्व्हरवर ओपनएसएसएलचा पॅच, म्हणजे सुरक्षेची दुरुस्ती, चढवून झाला होता. ब्राउझर आणि सर्व्हर यांच्यातलं संभाषण कूटबद्ध करण्याचं काम ही लायब्ररी, म्हणजे इतर प्रोग्रॅमनी वापरायचा तयार कोड, करते, त्यामुळे तिच्यात फट राहिली तर ताटकळत बसून चालत नाही. व्हर्जन विचारलं, पडद्यावर नवा आकडा आला. झोपायला जायला हरकत नव्हती. तरी सवयीने चालू प्रोग्रॅमनी उघडलेल्या फायलींची यादी काढली, तर वेब सर्व्हरच्या प्रत्येक प्रोसेससमोर, म्हणजे चालू असलेल्या प्रत्येक प्रतीसमोर, त्याच लायब्ररीची फाईल दिसत होती आणि शेजारी एक शब्द होता: 'डिलिटेड'. जुनी फाईल डिस्कवरून गेली होती आणि सर्व्हर मात्र अजून तीच वापरत होता. ठिगळ लागलं होतं डिस्कवर. भोक होतं मेमरीत.

असं का होतं ते समजून घेण्यासारखं आहे. वेब सर्व्हर सुरू होताना त्याला लागणारा कोड डिस्कवरून मेमरीत जोडून घेतो आणि मग महिनोन्‌महिने त्याच्याच जिवावर चालतो. लिनक्स या सर्व्हर चालवणाऱ्या प्रणालीवर एखादी फाईल काढून टाकली की आधी जातं ते डिरेक्टरीतलं तिचं नाव. ती फाईल धरून बसलेला एक जरी प्रोग्रॅम चालू असेल, तर आतला मजकूर शाबूत राहतो. ही सोय फार मोलाची आहे, कारण तिच्यामुळेच यंत्र बंद न करता त्यावर अपडेट करता येतं. पण अपडेट 'झालं' आणि अपडेट 'लागू झालं' यांत अंतर पडतं ते इथेच.

त्यातही आणखी एक मेख आहे. एंजिनएक्ससारख्या सर्व्हरला 'रीलोड' करता येतं. त्यात एक मुख्य प्रोसेस असते आणि ती कामकरी प्रोसेस जन्माला घालते. रीलोड केलं की जुने कामकरी हातातलं काम संपवून निघून जातात, नवे येतात आणि पाहणाऱ्याला वाटतं सगळं ताजं झालं. पण नवे कामकरी त्याच जुन्या मुख्य प्रोसेसच्या पोटातून आलेले असतात, तिच्याकडचा जुना कोड घेऊनच. रीलोडने सेटिंग बदलते, कोड बदलत नाही. त्यासाठी पूर्ण रीस्टार्ट तरी हवा, नाहीतर जुन्या मुख्य प्रोसेसशेजारी नवी उभी करून जुनीला हळूच निवृत्त करायचं. एंजिनएक्समध्ये तशी सोय आहे, आणि एकही जोडणी न तोडता ते जमतं.

हा फरक किती महागात पडू शकतो ते ७ एप्रिल २०१४ रोजी जाहीर झालेल्या 'हार्टब्लीड' त्रुटीने जगाला दाखवलं. ती ओपनएसएसएलमध्येच होती. संभाषण थोडा वेळ थांबलं तरी जोडणी जिवंत आहे ना, हे पाहण्यासाठी 'हार्टबीट' नावाची सोय असते. एका बाजूने छोटासा मजकूर पाठवायचा, त्याची लांबी सांगायची, आणि समोरच्याने तोच मजकूर जसाच्या तसा परत करायचा. चूक एवढीच होती की सर्व्हर सांगितलेल्या लांबीवर डोळे मिटून विश्वास ठेवत होता. समोरच्याने एकच बाइट पाठवला आणि लांबी मात्र जवळपास ६४ किलोबाइट लिहिली, तरी सर्व्हर तो एक बाइट देऊन थांबायचा नाही. पुढे मेमरीत जे काही पडलेलं असेल ते उचलून सांगितलेली लांबी भरून काढायचा. त्यात कुणाचा पासवर्ड असू शकत होता, कुणाचं लॉगिन, किंवा खुद्द सर्व्हरची खासगी किल्ली, म्हणजे ज्यावर त्याची ओळख आणि गुप्तता टिकते तो गुप्त आकडा. पुन्हा विचारलं की मेमरीचा दुसरा तुकडा. आणि नेहमीच्या लॉगमध्ये, म्हणजे सर्व्हरच्या नोंदवहीत, याची नोंदही होत नव्हती.

ही चूक मार्च २०१२ मध्ये आलेल्या १.०.१ या आवृत्तीपासून दोन वर्षं सर्वांच्या डोळ्यांसमोर होती. गूगलचे नील मेहता आणि फिनलंडची कोडनॉमिकॉन ही कंपनी यांना ती स्वतंत्रपणे सापडली. पॅचचं मर्म एका वाक्यात मावतं: सांगितलेली लांबी प्रत्यक्ष आलेल्या निरोपात बसत नसेल, तर तो निरोप टाकून द्या.

एवढीशी दुरुस्ती, पण तिच्यामागचं काम डोंगराएवढं होतं. खासगी किल्ली खरंच बाहेर काढता येते का, याबद्दल सुरुवातीला शंका होती. क्लाउडफ्लेअर या वेबसाइटना सुरक्षा पुरवणाऱ्या कंपनीने मुद्दाम एक सदोष सर्व्हर खुला ठेवून लोकांना आव्हान दिलं आणि त्याच दिवशी किल्ली निघाली. म्हणजे आता नुसता पॅच पुरेसा नव्हता. आधी पॅच, मग रीस्टार्ट, त्यानंतर नवी किल्ली, तिच्यावर नवं प्रमाणपत्र (ही किल्ली याच साइटची, अशी ग्वाही), जुनं प्रमाणपत्र रद्द, आणि शेवटी लोकांचे पासवर्ड. हा क्रम चुकवता येत नाही. रीस्टार्टच्या आधी नवी किल्ली बनवलीत तर तीही त्याच भोकातून जाणार. पुढच्या महिन्यात नेटक्राफ्ट या इंटरनेटवरच्या सर्व्हरांची मोजदाद करणाऱ्या कंपनीच्या पाहणीत दिसलं की अनेकांनी प्रमाणपत्र नवं घेतलं, पण ते जुन्याच किल्लीवर. कुलूप बदलल्याची पावती हातात होती आणि चोराकडची किल्ली अजून लागत होती. मला ही गोष्ट अजून अस्वस्थ करते, कारण या लोकांनी आळस केला नव्हता. त्यांनी धावपळ केली होती, पैसे आणि वेळ घातला होता, फक्त भोकातून काय गेलं असेल याचा विचार राहून गेला.

पॅच जाहीर होणं ही बातमी सगळ्यांसाठी असते, हेही विसरता येत नाही. जुना कोड आणि नवा कोड शेजारी ठेवले की नेमकी कुठली ओळ बदलली ते दिसतं, आणि बदललेली ओळ म्हणजे भोकाचा पत्ता. १५ ऑक्टोबर २०१४ रोजी द्रुपल या वेबसाइट चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमधली एक गंभीर त्रुटी जाहीर झाली. दोन आठवड्यांनी द्रुपलच्याच सुरक्षा पथकाने सांगितलं की घोषणेनंतर सात तासांच्या आत पॅच लावला नसेल, तर तुमची द्रुपल ७ वरची साइट फोडली गेली आहे असंच धरून चाला. सात तास! जगाच्या निम्म्या भागात तेवढ्या वेळात रात्रही सरत नाही. त्याच सूचनेतली दुसरी ओळ मला जास्त हादरवून गेली: पॅच तुम्ही लावलेला नसताना लागलेला दिसला, तर तेही घुसखोरीचं लक्षण असू शकतं. काही हल्लेखोर आत शिरल्यावर स्वतःच भोक बुजवत होते, म्हणजे दुसरा कुणी मागून यायला नको.

मग घाईत केलेला पॅचच कच्चा निघाला तर? अपाची वेब सर्व्हरच्या बाबतीत २०२१ मध्ये तेच झालं. वेब पत्त्यात लागोपाठ दोन टिंबं म्हणजे 'एक फोल्डर वर जा'. बाहेरच्या माणसाला असं वर चढत सर्व्हरच्या खासगी फायलींपर्यंत पोहोचता येऊ नये, म्हणून सर्व्हर ती टिंबं शोधून निकालात काढतो. पण पत्त्यात टिंब सांकेतिक रूपातही लिहिता येतं: टक्क्याचं चिन्ह, मग २, मग इंग्रजी ई. २.४.४९ या आवृत्तीत पत्ता तपासण्याचा कोड बदलला होता. एक टिंब साधं आणि दुसरं सांकेतिक लिहिलं की या नव्या कोडला ती जोडी ओळखता येत नसे. ४ ऑक्टोबरला २.४.५० मध्ये पॅच आला. मग लोकांनी त्या संकेतातले २ आणि ई हेसुद्धा सांकेतिक रूपात लिहून पाहिले. पहिल्यांदा उलगडलं की निघायचा टिंबाचा संकेत, दुसऱ्यांदा उलगडलं की टिंब. पॅचने हा दुसरा उलगडा धरलाच नव्हता. तीन दिवसांनी, ७ ऑक्टोबरला, २.४.५१ आली.

यात भोक फक्त ताज्या आवृत्तीत होतं, २.४.४८ वर राहिलेल्यांना ते नव्हतंच. यावरून 'अपडेट उशिराच करावं' असा धडा काढणारे मला भेटतात आणि मी त्यांच्याशी भांडते. २.४.४८ मध्ये २.४.४९ ने बुजवलेली दुसरी भोकं होतीच की. ज्यांच्या सेटिंगमध्ये 'स्पष्ट परवानगी दिलेल्या फोल्डरांपलीकडचं सगळं बंद' हा नियम शाबूत होता, त्यांच्याकडे २.४.४९ असूनही या वाटेने फायली वाचता आल्या नाहीत. पॅच कच्चा निघाला तरी मागे दुसरं दार बंद असावं, ते यासाठी.

आवृत्तीच्या आकड्यावरही फार विसंबू नये. डेबियनसारखी लिनक्स वितरणं बऱ्याचदा जुनीच आवृत्ती ठेवून तिच्यात फक्त सुरक्षेची दुरुस्ती आणून बसवतात. आकडा जुना दिसतो, भोक बुजलेलं असतं. त्या रात्री माझ्याकडे नेमकं उलटं होतं, आकडा नवा होता आणि भोक उघडं.

तेव्हापासून पॅच चढवल्यावर मी आधी दोन घटनांच्या वेळा शेजारी ठेवून पाहते: लायब्ररीची फाईल बदलल्याची आणि सर्व्हरची मुख्य प्रोसेस सुरू झाल्याची. दुसरी पहिलीनंतरची असली की मग लॉग उघडते. त्रुटी जाहीर झाली त्या दिवसापासून आमचा रीस्टार्ट झाला त्या मिनिटापर्यंतचे, ओळीने सगळे.