वंध्य कीटक तंत्र

उपद्रवी कीटकांची प्रचंड संख्येने पैदास करून, त्यांना प्रारणाने (क्ष-किरण, गॅमा किरण यांसारख्या किरणांनी) वंध्य करून मोकळे सोडण्याची कीडनियंत्रण पद्धत. अशा नरांशी समागम झालेल्या माद्यांची अंडी उबत नाहीत व पिढीगणिक कीड घटत जाते. कीटकनाशकाचा अंश माती-पाण्यात उतरत नाही आणि इतर कीटकांना इजा होत नाही.

जनकत्वाविषयी मतभेद आहेत. अमेरिकेच्या कृषी खात्यातील एडवर्ड निपलिंग यांना ही कल्पना साधारणतः १९३७-३८ च्या सुमारास टेक्ससमध्ये सुचली असे मानतात. परंतु त्यांची सैद्धांतिक मांडणी छापली गेली १९५५ मध्ये. सोव्हिएत आनुवंशिकीविज्ञ अलेक्सांद्र सेरेब्रोव्हस्की यांचा निबंध १९४० चा आहे. टांगानिकात (आजच्या टांझानियाचा मुख्य भूभाग) ब्रिटिश कीटकशास्त्रज्ञ व्हॅण्डरप्लँक यांनी १९४० च्या दशकात त्सेत्सी या रोगवाहक, रक्तशोषक माशीच्या दोन जातींच्या संकरातील वंध्यत्वाचा प्रत्यक्ष क्षेत्रात वापर केला. छापील अग्रक्रम पाहिल्यास मान सेरेब्रोव्हस्की यांच्याकडे जातो. मात्र त्यांचा भर गुणसूत्रांच्या स्थानांतरणावर (गुणसूत्राचा तुकडा तुटून दुसऱ्याला जोडला जाण्यावर) होता, सरसकट वंध्यत्वावर नव्हे. त्यामुळे तिघांचे विचार स्वतंत्रपणे उगवले, हे मत अधिक ग्राह्य वाटते. क्ष-किरणांनी तंबाखूवरील भुंगेरे वंध्य होतात, हे रनर यांनी १९१६ मध्येच नोंदवले होते. त्या निरीक्षणाचा नियंत्रणासाठी उपयोग मात्र तेव्हा झाला नाही.

पहिले मोठे यश स्क्रूवर्म माशीविरुद्ध मिळाले. ही माशी गुरांच्या जखमेच्या कडेला, नवजात वासराच्या ओल्या नाळेवरही, अंडी घालते; अळ्या जिवंत मांस पोखरतात. मादी बहुधा एकदाच समागम करते, ही बाब निपलिंग यांना महत्त्वाची वाटली. निपलिंग यांचे सहकारी रेमंड बुशलँड यांच्या प्रयोगांत नराला सुमारे २,५०० व मादीला ५,००० राँटगेन (किरणांची मात्रा मोजण्याचे एकक) मात्रा पुरेशी ठरली. नर-मादी निवडून काढणे शक्य नसल्याने दोघांना पुरेल एवढी मात्रा कोशावस्थेतच द्यावी लागे. मात्रा वाढली की नर दुबळे पडतात. आजही खरी अडचण हीच आहे.

निपलिंग यांचे गणित असे : १० लक्ष माद्यांच्या स्थिर संख्येत दर पिढीला २० लक्ष वंध्य नर सोडले, तर पुढच्या पिढीत ३,३३,३३३, मग ४७,६१९, मग १,१०७ माद्या उरतात; त्यापुढील पिढीत एकही नाही. कीटकनाशकाचा प्रभाव कीड विरळ होताच ओसरतो; येथे उलट तो वाढत जातो.

फ्लॉरिडाजवळील सॅनिबेल बेटावर मुख्य भूमीवरून माशा येत राहिल्याने चाचणी अपुरी ठरली. व्हेनेझुएलापासून दूर असलेल्या क्युरसाव बेटावर १९५४ मध्ये मात्र काही महिन्यांतच निर्मूलन झाले. अमेरिकेत १९८२ नंतर, तर मेक्सिकोत १९९१ मध्ये ही माशी हटल्याचे मानले गेले. टेक्ससच्या पशुपालकांनी वर्गणी जमवली, तरी मुख्य भार सरकारी तिजोरीवरच राहिला. ते रास्तही होते : एकाच्या कुरणावर सोडलेली माशी शेजाऱ्याच्या कुरणातही उडते, त्यामुळे हे तंत्र एकेका शेतकऱ्याला विकता येत नाही. निपलिंग व बुशलँड यांना १९९२ चा जागतिक अन्न पुरस्कार मिळाला.

पुढे ओकिनावातील खरबूज-माशी (१९९३) आणि झांझिबारच्या उंगुजा बेटावरील त्सेत्सी (१९९७) यांचेही निर्मूलन झाले. पनामातील केंद्रातून वंध्य स्क्रूवर्म माशा सोडणे चालूच होते. तरीही २०२३ पासून स्क्रूवर्म उत्तरेकडे सरकला आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये मेक्सिकोत पुन्हा आढळला.