व्हायोलिनवादकांचे गुरू गवई होते

हिंदुस्थानी संगीतातल्या थोर व्हायोलिनवादकांची तालीम कोणाकडे झाली ते पाहिले, की एक गोष्ट ध्यानात येते. त्यांचे गुरू बहुतेक गवई होते. या वाद्याला आज जे गायकी अंग आहे, म्हणजे गळ्यासारखे वाजवण्याची जी रीत आहे, त्याचे मूळ मला इथेच दिसते.

दक्षिणेत व्हायोलिन आधी रुजले. कर्नाटक संगीतातले रचनाकार मुथुस्वामी दीक्षितर यांचे बंधू बालुस्वामी आणि तंजावरचे वडिवेलू हे तिथले आद्य वादक. त्रावणकोरच्या स्वाती तिरुनाल महाराजांनी १८३४ मध्ये वडिवेलूंना हस्तिदंती व्हायोलिन भेट दिले होते. तिकडे गायनाच्या साथीत ते लवकरच स्थिरावले. उत्तरेत साथीला सारंगी होती, पुढे पेटी आली. व्हायोलिनला स्वतःची जागा करून घ्यावी लागली.

वाद्य तेच राहिले, बैठक बदलली. आपला वादक मांडी घालून बसतो, वाद्याचे टोक उजव्या पावलाच्या घोट्याशी टेकवतो आणि दुसरी बाजू डाव्या खांद्या-छातीशी. त्यामुळे डाव्या हातावर वाद्य पेलण्याचा भार राहत नाही आणि बोट तारेवर एका सुरापासून दुसऱ्यापर्यंत सलग घसरू शकते. पडदे नसल्याने ही घसरण, म्हणजे मींड, गळ्यासारखी निघते. उजव्या हाताचे काम त्याहून नाजूक. एका गजात, म्हणजे तारांवर गज एकदा ओढताना, किती सूर घ्यायचे आणि गज कुठे पालटायचा, यावर बंदिशीचे शब्द ऐकू येतात की नुसती सुरावट, हे ठरते. हे ज्ञान ज्याला चीज, म्हणजे ती बंदिश, तोंडपाठ आहे त्याच्याकडूनच मिळणार.

गजाननबुवा जोशी तर स्वतःच गवई आणि व्हायोलिनवादक. वडील अंतुबुवा हे ग्वाल्हेर घराण्याचे गवई बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर यांचे शिष्य, म्हणजे ती तालीम घरातच. त्यावर जयपूर आणि आग्रा घराण्यांची विद्याही त्यांनी मिळवली. उल्हास कशाळकरांसारखा गायक त्यांच्या हाताखाली तयार झाला. व्हायोलिनवर एवढी हुकमत असलेल्या माणसाने गळ्याची विद्याही तितक्याच ताकदीने पुढे दिली, हे मला त्यांच्या कारकिर्दीतले सर्वांत मोलाचे वाटते.

दामोदर केशव दातार यांनी विघ्नेश्वर शास्त्रींकडे हात तयार केला आणि गायकीसाठी गवई द. वि. पलुस्कर यांचे मार्गदर्शन घेतले. वाईत जन्मलेले वि. गो. जोग यांची वाट थोडी वेगळी. गवई रातंजनकर यांची शिकवण त्यांना मिळालीच, पण सरोदवादक अल्लाउद्दीन खाँसाहेबांचीही, त्यामुळे त्यांच्या वादनात तंतकारी, म्हणजे तंतुवाद्यांची खास वादनशैली, आणि लयीचा खेळ अधिक. लखनौच्या संगीत महाविद्यालयात त्यांनी शिकवले आणि आकाशवाणीतही काम केले.

एन. राजम यांना वडील नारायण अय्यर यांच्याकडून लहानपणीच कर्नाटक पद्धतीची तालीम मिळाली होती. हात तयारच होता. तरीही त्या गवई ओंकारनाथ ठाकुरांकडे गेल्या आणि ठाकुरांची ख्यालगायकी त्यांनी गजावर उतरवली. बनारस हिंदू विद्यापीठात त्यांनी सुमारे चाळीस वर्षे अध्यापन केले. कन्या संगीता शंकर आणि भाची कला रामनाथ यांना त्यामुळे घरातच व्हायोलिनची गुरू लाभली. कला रामनाथ मात्र त्यापुढेही शिकत राहिल्या, आणि त्यासाठी त्यांनी गुरू निवडले ते गायक पंडित जसराज.