सामाजिक फॅसिझम

सामाजिक फॅसिझम : सोशल डेमोक्रॅटिक पक्ष फॅसिझमचे विरोधक नसून त्याचाच सौम्य अवतार आहेत, ही जगभरच्या कम्युनिस्ट पक्षांच्या संघटनेची, कम्युनिस्ट इंटरनॅशनलची (कॉमिंटर्न) भूमिका. स्टालिनने १९२४ मध्ये या दोन शक्तींना जुळी भावंडे म्हटले होते. १९२८ मधील मॉस्कोच्या सहाव्या अधिवेशनानंतर तेच अधिकृत धोरण बनले.

या आरोपामागचा संताप खरा होता आणि त्याचे मूळ साम्राज्यवादात होते. १९०७ मध्ये समाजवादी पक्षांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या, दुसऱ्या इंटरनॅशनलच्या, स्टुटगार्ट अधिवेशनात ‘समाजवादी वसाहत धोरण’ असू शकते, असा मसुदा पुढे आला आणि तो १०८ विरुद्ध १२७ मतांनी जेमतेम फेटाळला गेला. ४ ऑगस्ट १९१४ रोजी जर्मन सोशल डेमोक्रॅटांनी संसदेत युद्धकर्जाला मते दिली. वसाहतींच्या लुटीतून मिळणाऱ्या जादा नफ्याचा तुकडा देऊन भांडवलदार वर्ग कामगारांचा वरचा थर आपल्या बाजूला वळवतो, हे लेनिनचे त्यावरचे स्पष्टीकरण. जानेवारी १९१९ मध्ये बर्लिनमधील कम्युनिस्ट उठावाच्या वेळी जर्मन कम्युनिस्ट नेते रोझा लुक्झेंबुर्ग आणि कार्ल लीबक्नेश्ट यांची हत्या झाली. मारेकरी फ्रायकोर निमलष्करी दलांचे होते आणि उठाव मोडण्यासाठी या दलांना हाताशी धरणारे सरकार सोशल डेमोक्रॅटांचे होते. १ मे १९२९ रोजी बर्लिनमध्ये निदर्शनबंदी मोडणाऱ्या कामगारांवर गोळीबार झाला, तेव्हा पोलीसप्रमुखही त्याच पक्षाचा होता. ब्रिटनमध्येही वेगळे चित्र नव्हते. भारतातील कम्युनिस्ट व कामगार नेत्यांवरील मीरत कटाचा खटला हुजूर पक्षाच्या काळात सुरू झाला; १९२९ मध्ये सत्तेवर आलेल्या मजूर पक्षाने तो चालू ठेवला.

तरीही साम्राज्यवादाशी तडजोड करणे वेगळे आणि फॅसिस्ट असणे वेगळे. सोशल डेमोक्रॅटांच्या राजवटीत कामगार संघटना, वृत्तपत्रे आणि विरोधी पक्ष टिकून होते. फॅसिझम सत्तेवर येताच ते सारे चिरडतो. हा भेद पुसणे ही या सिद्धांताची सर्वांत घातक चूक होती. १९३१ मध्ये प्रशियातील सोशल डेमोक्रॅटिक सरकार घालवण्यासाठी झालेल्या सार्वमतात कम्युनिस्ट नाझींच्या बाजूने उभे राहिले. कम्युनिस्ट व सोशल डेमोक्रॅटांच्या संयुक्त आघाडीचा आग्रह धरणाऱ्या, स्टालिनचा विरोधक ट्रॉट्स्कीचे कोणी ऐकले नाही. नोव्हेंबर १९३२ च्या निवडणुकीत सोशल डेमोक्रॅटांना २०.४ टक्के आणि कम्युनिस्टांना १६.९ टक्के मते होती, नाझींना ३३.१ टक्के. नुसत्या बेरजेने हिटलर अडला असता असे नाही. सोशल डेमोक्रॅटांचे नेतेही कायद्याच्या चौकटीबाहेर पाऊल टाकायला तयार नव्हते. जुलै १९३२ मध्ये त्यांचे प्रशियातील सरकार बरखास्त झाले, तेव्हा त्यांनी सार्वत्रिक संपाची हाक दिली नाही. पण एकत्र प्रतिकाराचा प्रयत्न झालाच नाही. २३ मार्च १९३३ रोजी हिटलरला सर्वाधिकार देणाऱ्या कायद्याविरुद्ध सभागृहात मत देणारे ९४ जण सोशल डेमोक्रॅट होते. कम्युनिस्ट प्रतिनिधी तोवर तुरुंगात, भूमिगत किंवा परागंदा झाले होते.

१९३५ च्या सातव्या अधिवेशनात कॉमिंटर्नचे नेते दिमित्रोव्ह यांनी फॅसिझमची व्याख्या वित्तभांडवलातील सर्वांत प्रतिगामी, अंधराष्ट्रवादी आणि साम्राज्यवादी घटकांची उघड दहशतवादी हुकूमशाही अशी केली आणि जनआघाडीचे, म्हणजे फॅसिझमविरोधी पक्षांच्या एकजुटीचे, धोरण आले. चूक सुधारली, पण साम्राज्यवादाचा प्रश्न मागे पडला. फ्रान्समध्ये कम्युनिस्टांच्या पाठिंब्यावर उभ्या असलेल्या लेओं ब्लुम यांच्या जनआघाडी सरकारने जानेवारी १९३७ मध्ये मेसाली हाज यांच्या अल्जीरियन स्वातंत्र्यवादी संघटनेवर बंदी घातली.