चेंडू खोटा वाटतोय? टायमिंग तपासा, पण त्याआधी स्पेसिंग

अ‍ॅनिमेशनमध्ये दोन कीफ्रेम (हालचालीची सुरुवात आणि शेवट ठरवणाऱ्या खुणा) लावल्या, दोन्हींवर ईझी ईझ (वेग हळूहळू वाढवणारी आणि कमी करणारी सेटिंग) दिलं, तरी चेंडू फुग्यासारखा तरंगत खाली येतो. मग बहुतेक जण कीफ्रेम मागेपुढे ओढत बसतात, म्हणजे टायमिंग बदलतात. बिघाड असतो स्पेसिंगमध्ये.

एका कीफ्रेमपासून दुसरीपर्यंत किती फ्रेम गेल्या, ते टायमिंग. त्या फ्रेममध्ये अंतर कसं विभागलं गेलं, ते स्पेसिंग. सेकंदाला २४ फ्रेम धरल्या तर १२ फ्रेम म्हणजे अर्धा सेकंद. तेवढ्याच वेळात वस्तू एकसारखी सरकू शकते, हळू निघून वेग घेऊ शकते किंवा झपकन सुटून शेवटी रेंगाळू शकते. टायमिंग एकच, हालचाली तीन. डिस्नीच्या बारा तत्त्वांतही टायमिंग आणि स्लो इन-स्लो आउट (हळू सुरुवात, हळू शेवट) ही वेगळी तत्त्वं आहेत, ती उगाच नाही.

पडणाऱ्या वस्तूचं स्पेसिंग गुरुत्वाकर्षण ठरवतं. पडण्याच्या वेळेचे चार समान भाग केले तर त्यांतली अंतरं १ : ३ : ५ : ७ या प्रमाणात वाढतात. अर्ध्या सेकंदात साधारण सव्वा मीटर पडणं होतं, त्यातलं निम्म्याच्या आसपास अंतर शेवटच्या तीन फ्रेममध्ये. म्हणजे जमिनीला टेकताना वेग सर्वांत जास्त हवा. खालच्या कीफ्रेमवर ईझ दिलं की चेंडू नेमका तिथेच ब्रेक लावतो! ईझ फक्त वरच्या टोकाला द्या. खाली ग्राफमध्ये, म्हणजे वेळेनुसार जागा दाखवणाऱ्या वक्रात, टोकदार कोपरा हवा. ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये नवी कीफ्रेम मुळातच बेझियर, म्हणजे गोलसर वक्राची असते, त्यामुळे न मागता खालचं टोकही गोल होतं. तिथलं हँडल (वक्राला वळण देणारी दांडी) व्हेक्टर, म्हणजे सरळ करा. आफ्टर इफेक्ट्स या सॉफ्टवेअरमध्ये सगळ्या कीफ्रेम निवडून एफ९ (ईझी ईझची कळ) दाबण्याची सवय मला तरी आळसच वाटते.

मग टायमिंग कशासाठी? त्यावरून वस्तूचा आकार आणि उंची कळते. तीस मीटरवरून पडायला सुमारे अडीच सेकंद, म्हणजे साठेक फ्रेम लागतात. इमारतीवरून पडणारा दगड १२ फ्रेममध्ये खाली आणला, तर स्पेसिंग कितीही अचूक असो, इमारत खेळण्यातली दिसेल. टप्प्यांचंही तसंच: पुढची उसळी उंचीला पाव झाली तर तिला वेळ निम्मा लागतो, पाव नाही. इथे घोळ झाला असेल तर वक्र घासूनपुसून काही हाती लागत नाही, कीफ्रेमच हलवाव्या लागतात.

आडवी हालचाल वेगळी ठेवा. टप्पे खात पुढे जाणाऱ्या चेंडूचा एक्स या आडव्या अक्षावरचा वेग हवेत असताना जवळपास स्थिर राहतो. आफ्टर इफेक्ट्समध्ये सेपरेट डायमेन्शन्स करून, म्हणजे दोन्ही अक्षांच्या कीफ्रेम वेगळ्या करून, एक्स लिनिअर (एकसारख्या वेगाचा) ठेवा आणि वक्राची सगळी मेहनत वाय या उभ्या अक्षावर करा.